तिसऱ्या कॅसेटशिवाय जर्मन

जर्मन शिकायचं असं मी कधी ठरवलं नव्हतं. नव्वदच्या आसपास आम्ही बदलापूरला, कात्रपमधल्या एका नव्या इमारतीत राहायला आलो. खिडक्यांना पडदे नव्हते. पडद्यांचं कापड घ्यायला मी उल्हासनगरला, कॅम्प एकमध्ये गेले. कापडाच्या दुकानाला लागूनच एक जण जुन्या कॅसेटी विकायला बसला होता. लग्नाची गाणी, भजनं, कव्वाल्या, आणि त्या ढिगात एक निळा खोका. वर नदीकाठच्या किल्ल्याचं चित्र, आत जर्मन शिकवणारं पुस्तक आणि कॅसेटी. खाचा चार होत्या, कॅसेटी तीन; तिसऱ्या नंबरची खाच रिकामी.

"तिसरी कुठाय?" मी विचारलं.

"मॅडम, तीन तो है ना," तो म्हणाला. "पहले इतना तो सीखो."

त्याचं म्हणणं मला पटलं. पडद्यांच्या कापडाबरोबर खोकाही घरी आला.

मी तेव्हा अंबरनाथला एका औषध कंपनीच्या ऑफिसात टायपिंग करायचे. नवरा आनंदनगरच्या एमआयडीसीत शिफ्टला. रविवारी दुपारी जेवण झालं की तो आतल्या खोलीत झोपायचा आणि मी बाहेरच्या खोलीत टेपरेकॉर्डर लावायचे. कॅसेटवर एक बाई आणि एक पुरुष फार सभ्यपणे एकमेकांशी बोलत. ते थांबले की आपण म्हणायचं. वीज गेली की मी सेल घालायचे, आणि सेल उतरले की ती बाई हळूहळू पुरुषाच्या आवाजात बोलू लागायची.

समोरच्या फ्लॅटमध्ये एक सिंधी भाभी राहायच्या. जन्म उल्हासनगरच्या कॅम्पातला. नवऱ्याने बदलापूरला दुकान टाकलं म्हणून इकडे आल्या होत्या. एका रविवारी त्यांनी दार वाजवलं.

"अदी, तुझ्याकडे फॉरेनची पाहुणी आलीय काय? रोज संडेला आवाज येतो. चाय तरी देते का तिला?"

अदी म्हणजे बहीण. मी त्यांना टेपरेकॉर्डर दाखवला. त्या दिवशी बाजारचा धडा चालू होता. कॅसेटवरची बाई शर्टाची किंमत विचारत होती: "वीफील कोस्टेट दास हेम्ट?" दुकानदाराने किंमत सांगितली, बाईने धन्यवाद म्हणून शर्ट घेतला. भाभींनी मला अर्थ विचारला आणि त्यांचा विश्वासच बसेना.

"बस? काही बोलली नाही? एवढ्यात घेतला? परत लाव, काहीतरी राहून गेलंय."

मी परत लावलं. बाईने परत तसाच शर्ट घेतला. भाभी खुर्ची ओढून बसल्या. या लोकांना घासाघीस कशी करायची ते कुणीतरी शिकवलं पाहिजे, आणि त्यासाठी आधी त्यांची भाषा आली पाहिजे, असं त्या म्हणाल्या. पुढच्या रविवारी त्या पापड घेऊनच आल्या.

तिसरे विद्यार्थी आले ते तक्रार करायला. आमच्या खालच्या मजल्यावर एक काका राहत, रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांचं सगळं आयुष्य तिकीट खिडकीत गेलं होतं. दुपारची झोपमोड होते हे सांगायला ते वर आले तेव्हा कॅसेटवरचा पुरुष म्हणत होता, "आइने फारकार्टे नाख बर्लिन, बिटे."

"हे काय चाललंय?" काकांनी दारातून विचारलं.

"बर्लिनचं एक तिकीट मागतोय."

"सिंगल की रिटर्न?"

"ते नाही सांगितलं."

"मग समोरचा देतोय कसा?"

भाभींनी त्यांच्याकडे पापडाची ताटली सरकवली. काका उंबऱ्यातच चप्पल काढून आत आले ते संध्याकाळी गेले.

तेव्हापासून रविवार आमचा झाला. शिकवणारं कुणी नव्हतं, तिघंही तेवढीच अडाणी. पुस्तकातलं इंग्रजी समजून घ्यायचं, कॅसेट ऐकायची आणि मग भांडायचं. काकांना जर्मन आवडली ती तिच्यात मराठीसारखी तो, ती आणि ते अशी तिन्ही लिंगं आहेत म्हणून. "बघा, चमचा त्यांच्याकडेही 'तो'च. डेर म्हणजे तो," ते म्हणायचे, आणि चमचा एकदम नात्यातला वाटायला लागायचा. चंद्रही तिकडे 'तो' निघाला. पण सूर्य निघाला 'ती'. काका बराच वेळ नाराज राहिले. भाभींना मात्र ते लगेच पटलं.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "सगळ्यांच्या आधी उठायचं, दिवसभर जळायचं, संडेचीपण सुट्टी नाही. औरतच असणार."

तिसरी कॅसेट नव्हती, आणि पुस्तकाची शिवण सुटून मधल्या पानांचा गठ्ठाही गेला होता. नेमका भूतकाळ त्या पानांत होता. त्यामुळे आमच्या जर्मनमध्ये काही होऊन गेलंच नाही. सगळं आत्ता होत होतं, नाहीतर उद्या होणार होतं. मला त्याची रुखरुख वाटायची. भाभी म्हणाल्या, "राहू दे. माझी सासू दिवसभर सिंधचंच सांगते. तिथे असं होतं, तिथे तसं होतं. तिच्या तोंडून इतका भूतकाळ ऐकते मी. एक भाषा त्याच्याशिवायची असू दे." हे त्या हसत म्हणाल्या. मग काकांनी पुढचा धडा लावला.

नवऱ्याने आमच्या वर्गात कधी पाऊल टाकलं नाही. पण एकदा त्यांच्या कंपनीत नवं मशीन बसवायला एक जर्मन इंजिनिअर आला. त्या संध्याकाळी हा घरी आला तो चेहरा विचित्र करूनच.

"मी आज जर्मन बोललो," तो म्हणाला.

"तू?"

"कँटीनमध्ये तो कपाकडे बघत बसला होता. माझ्या तोंडून एकदम निघालं, डेर काफे इस्ट काल्ट. मला अर्थपण माहीत नाही. तो उठून उभाच राहिला."

"कॉफी थंड आहे, असा अर्थ आहे."

"असणार. कारण मग त्याने पोराला बोलावून ती बदलून घेतली आणि माझ्याशी अर्धा तास बोलला. मी नुसता या-या करत होतो."

महिनाभर तो फॅक्टरीत जर्मन येणारा माणूस म्हणून मिरवला. झोपेत शिकलेल्या त्या एका वाक्यावर.

माझे बाबा अंबरनाथला राहायचे. एका कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालेले. आमचं घर छप्पन साली धर्म बदललेलं. आजीला अक्षर ओळखता येत नव्हतं, बाबा मॅट्रिक झाले, आणि आम्ही भावंडांनी शिकावं म्हणून त्यांनी किती ओव्हरटाइम केले ते आम्हाला माहीत आहे. आमच्याकडे शिकणं ही गंभीर गोष्ट होती. अभ्यासाच्या पुस्तकाला पाय लागला तर आम्ही नमस्कार करायचो. अशा घरातली मी. एका रविवारी बाबा न सांगता आले, तेव्हा भाभी आणि काका माझ्या घरात बसून जर्मनमध्ये आकडे म्हणत होते.

बाबांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. ते दोघं गेल्यावर म्हणाले, "चांगलं आहे. परीक्षा कधी आहे?"

"परीक्षा नाही बाबा."

"मग सर्टिफिकेट?"

"तेपण नाही."

"कंपनीत बढतीला उपयोग?"

"नाही. असंच. मजा येते म्हणून."

बाबांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. ते रागावले नव्हते, फक्त त्यांना ते कुठे बसवावं कळत नव्हतं. "मजा म्हणून," ते स्वतःशीच म्हणाले. मलाही ते पहिल्यांदाच मोठ्याने म्हटल्यावर कळलं. चुकलं तरी कुणी मार्क कापणार नाही असं मी आयुष्यात पहिल्यांदाच काही शिकत होते. चुकायला मिळत होतं याचंच मला सुख होतं. मला ते बाबांना नीट सांगता आलं नाही.

त्या हिवाळ्यात सोसायटीने सव्वीस जानेवारीच्या संध्याकाळी कार्यक्रम ठेवला. कुणी नाच बसवत होतं, कुणी गाणं. सेक्रेटरींनी काकांना विचारलं, आणि काका आम्हाला न विचारता सांगून आले: आम्ही तिघं जर्मन नाटक करू.

"आपल्याला येतात किती वाक्यं?" मी म्हटलं.

"जेवढी येतात तेवढ्यात बसवू," भाभी म्हणाल्या. "कोणाला कळणार आहे?"

गोष्ट भाभींनी रचली. सून रुसून माहेरी निघालीय. स्टेशनवर तिकीट काढते. तेवढ्यात मागून सासू येते. सासू भाभी, सून मी, तिकीट खिडकीत काका. बोलायचं मात्र धड्यातल्याच वाक्यांत.

सव्वीस तारखेला कंपाउंडमध्ये पलंग जोडून स्टेज केलं होतं. खुर्च्या भरल्या होत्या. पहिल्या रांगेत माझ्या नवऱ्याशेजारी बाबा बसले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. काकांनी जुन्या फ्रिजच्या खोक्याला चौकोन कापून खिडकी केली होती आणि तिच्यात ते खऱ्यासारखे वैतागलेले बसले होते.

मी बॅग घेऊन आले आणि रडक्या आवाजात विचारलं, "वो इस्ट डेर बानहोफ?" म्हणजे स्टेशन कुठे आहे. काकांनी वर न बघता बोटाने खाली जमीन दाखवली. लोक हसले. मग भाभी आल्या, कमरेला पदर खोचून. मला बघून त्या कडाडल्या, "डी झुपे इस्ट काल्ट." सूप थंड आहे, एवढाच त्याचा अर्थ. पण त्या असं म्हणाल्या की मागच्या बायकांमधून आवाज आला, "बघा, स्वयंपाकावरून काढलं." मी डोळे पुसत म्हटलं, "इश हाबे काइने त्साइट." मला वेळ नाही. भाभींनी माझ्या साडीचा पदर चिमटीत धरला आणि सगळ्या प्रेक्षकांना दाखवत विचारलं, "वीफील कोस्टेट दास हेम्ट?" आता तर कुणालाच अर्थ सांगायची गरज उरली नाही. एक आजी जागेवरूनच म्हणाल्या, "माहेरचीच साडी असेल तिची, बोलू नका उगाच."

इथे काकांनी आठची गाडी आहे असं सांगून भांडण मिटवायचं होतं. "डेर त्सूग फेर्ट..." त्यांनी सुरुवात केली आणि पुढचं विसरले. मी हळूच "उम आख्ट उर" म्हटलं, ते त्यांना ऐकू गेलं नाही.  मग त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि कॅसेटवरच्या पुरुषाच्या आवाजात सुरू केलं, "डेर त्सूग फेर्ट नाख अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, शेलू, नेरळ उंड कर्जत, बिटे." आम्हाला पुढे काही म्हणताच येईना. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. भाभी स्टेजवर बसूनच हसत होत्या. मी बाबांकडे बघितलं. ते पुढे वाकले होते, रुमाल डोळ्यांना लावला होता, खांदे हलत होते. इतकं हसताना मी त्यांना पाहिलेलं नव्हतं.

जेवायला वर आलो तेव्हा बाबा गंभीर होऊन म्हणाले, "मला सगळं कळलं. एकच समजलं नाही. शेवटी ती माहेरी गेली का?"

"ते वाक्य आमच्या पुस्तकात नव्हतं, बाबा."

"घाला," ते म्हणाले. "तिला जाऊन येऊ द्या चार दिवस."

त्यानंतरच्या रविवारी ते अंबरनाथहून आले, खुर्ची जरा मागे घेऊन बसले आणि ऐकत राहिले. तीन-चार रविवार नुसतेच ऐकले. मग एकदा डॉक्टरचा धडा चालू असताना त्यांनी हात वर केला, शाळेतल्यासारखा, आणि ते वाक्य परत लावायला सांगितलं. "वो टूट एस वे?" म्हणजे कुठे दुखतंय. बाबांनी ते तोंडात घोळवलं. त्यांना ते फार आवडलं. वर्षभर त्यांनी बाकी फारसं काही शिकून घेतलं नाही, एवढं एक वाक्य मात्र घोटून घोटून पक्कं केलं.

पुढच्या नाटकात बाबा डॉक्टर झाले. त्या आधीचा महिनाभर त्यांची तालीम अंबरनाथच्या गल्लीत चालली होती. विहारातून परतताना, पानाच्या टपरीवर, नळावर, जो भेटेल त्याला ते काळजीने विचारायचे, "वो टूट एस वे?" पहिल्यांदा लोक बावरायचे. बाबा अर्थ सांगायचे. मग त्यांच्या वयाचे एकेक म्हातारे गल्लीत उभ्याउभ्या धोतर नाहीतर पायजमा वर करून आपला गुडघा पुढे करायचे आणि सविस्तर सांगायला लागायचे. बाबा सगळं ऐकून घ्यायचे. पुढचं वाक्य त्यांना येत नव्हतं, त्याची घाईही नव्हती.