खडूने लिहिलेला नंबर

डोंगरीच्या त्या मेकॅनिककाकांना काहीही विचारलं, की ते आधी बॉनेटवर तळहात ठेवायचे आणि मगच बोलायचे. मी विचारलं, "गाडीला जोर हवाय. मोठा टर्बो लावू की नायट्रस गॅसची बाटली?"

"बाटली नको, इंजिन टिकायचं न्हाय. टर्बो शोधतो मी. जरा थांब."

मला कुठला धीर! मी दुसरीकडे जाऊन बाटली बसवून घेतली. पंधरा दिवसांत पिस्टन फुटला आणि टोचन लावून गाडी त्यांच्याच दारात आणावी लागली.

काका रागावले नाहीत. बॉनेटवर हात ठेवला, पण बोलले काहीच नाहीत. मागच्या फळीवर टर्बोचं खोकं होतं, त्यावर खडूने माझ्या गाडीचा नंबर लिहिलेला. त्यांनी ओलं फडकं घेतलं आणि तो सावकाश पुसून टाकला.