लॉगिनवरचं नाव

कॉम्प्युटर पहिल्यांदा माझ्याशी बोलला तेव्हा म्हणाला, "आंधळी."

दुपारच्या जेवणाची सुट्टी होती. ऑफिसातले सगळे आतल्या खोलीत एकत्र डबे खात होते. मी माझ्या टेबलावर एकटी. फोन खांद्यात दाबून धरलेला, हात कीबोर्डवर. फोनवर परतूरचा एक दादा होता, माझ्यासारखाच न दिसणारा. त्याचा नंबर अंधशाळेतल्या मैत्रिणीनं दिला होता. तो म्हणाला, "ताई, ऑल्ट, विंडोज अन् एस, तिन्ही बटनं एकदम दाबा. बास, वाचायला लागंल."

मी दाबली. स्पीकरमधून घोगरा आवाज आला. बाणाचं बटन दाबत गेले तसा तो लॉगिनच्या पडद्यावरची, कॉम्प्युटर वापरणाऱ्यांची नावं वाचू लागला. हेडक्लार्कचं नाव, आडनावासकट. शिंदेबाईंचं नाव. आणि मग, "आंधळी." मी वर गेले, पुन्हा खाली आले. तेच.

दादानंही ऐकलं होतं. तो म्हणाला, "चालू झालं म्हणायचं मंग." मी फोन ठेवला.

दिव्यांगांच्या राखीव जागेवर, परीक्षा देऊन मी जालन्यातल्या या ऑफिसात कारकून म्हणून लागले होते. पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम असला की मला सगळं काम येतं. पण शाळेतल्या कॉम्प्युटरवर विंडोज होतं, इथल्यावर लिनक्स, आणि त्यावर तो प्रोग्राम कसा चालू करायचा ते मला माहीत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात कॉम्प्युटर दुरुस्तीवाला आला, तेव्हा तो लावून द्या म्हणून मी त्याला विनवलं. तो म्हणाला, "लिनक्सवर असलं बोलणारं काही चालत न्हाई, मॅडम. उगं खर्चा कशाला?" हेडक्लार्क म्हणाले, "बसा ना आरामात. पगार बराबर मिळून राह्यला ना?"

मी बसले. माझं काम शिंदेबाई करायच्या, माझ्याच लॉगिनमधून. मी पाकिटांना डिंक लावायचे. राजूरला गणपतीपाशी आमचं हार-नारळाचं दुकान आहे. तिथं आई गिऱ्हाइकांना सांगायची, "माझी लेक जालन्याला कॉम्प्युटरवर हाय." कधी कधी दिवसभर माझ्याशी कुणी बोलायचं नाही. मग मी उगाच विचारायचे, किती वाजले हो? बोलणारं घड्याळ माझ्याच मनगटावर असायचं.

सगळे जेवून परत आले. मी आवाज वाढवला आणि बाण दाबला. "आंधळी." कुणीतरी फिसकन हसलं.

"हे कुणी टाकलं?"

शिंदेबाई जवळ आल्या. "अगं, त्या कॉम्प्युटरवाल्यानं टाकलं. तुझं नाव आठवलं न्हाई त्याला. एवढं काय मनावर घ्यायचं त्यात?"

शिंदेबाई. संध्याकाळी हात धरून मला स्टँडवर सोडणाऱ्या. सणाला आठवणीनं पुरणपोळी आणणाऱ्या. रोज सकाळी तोच शब्द निवडून माझा पासवर्ड टाकणाऱ्या. कॉम्प्युटरवाल्याचं मला नवल वाटलं नाही. शिंदेबाईंचं वाटलं. अख्ख्या ऑफिसला दिसत होतं आणि एकालाही मला सांगावंसं वाटलं नाही. मला भयंकर चीड आली.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवाला हसत हसत आला. माझं मनगट धरून म्हणाला, "सरका मॅडम, जल्दी बदलून टाकतो."

"हात सोडा," मी म्हणाले. "काय दाबायचं ते तोंडानं सांगा. दाबीन मी."

"टाइम लागंल तुम्हाला."

"लागू द्या."

त्याचा पासवर्ड तेवढा त्यानं टाकला. बाकी सगळं मी केलं. तो शब्द एकेक अक्षर ऐकत पुसला. माझं नाव लिहिलं. माझा पासवर्डही बदलला. यंत्रानं माझं नाव भलत्याच सुरात वाचलं. आनंद वगैरे काही झाला नाही. हे पहिल्या दिवशीच व्हायला हवं होतं.

आता माझं काम मी करते. शिंदेबाई माझ्याशी बोलत नाहीत. स्टँडवर मी काठी घेऊन एकटी जाते. रस्ता ओलांडताना छातीत धडधडतं, खोटं कशाला सांगू. मशिनच्या आवाजानं डोकं उठतं अशी हेडक्लार्कची तक्रार, म्हणून हेडफोन लावते, पण एकाच कानाला. माझ्या मागं काय बोलतात ते मला कळायला हवं.

परवा हेडक्लार्क आतून ओरडले, "अरे, त्या आंधळ्या मॅडमला पाठवा." कुणीतरी माझ्या खांद्याला हात लावला. मी टाइप करत राहिले. ते पुन्हा ओरडले. मी खुर्चीतून हलले नाही. माझं नाव आता या ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे. त्या नावानं हाक मारा. दुसऱ्या कशानंही मी ओ देणार नाही. नोकरी गेली तरी नाही.