बायकोच्या परीक्षेत माझी मान

२००७च्या हिवाळ्यात बायकोची मॅन्युअल थेरपीची, म्हणजे हातांनी सांधे मोकळे करण्याच्या उपचाराची, शेवटची परीक्षा होती. पुण्याची फिजिओथेरपीची पदवी तिच्याकडे होतीच, पण ती जर्मनीत मान्य होण्यातच वर्ष गेलं. पुढे दोन वर्षं शनिवार-रविवार बाड हॉम्बुर्गला कोर्स. एश्बॉर्नला आमच्या घराजवळच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्याने कायमची नोकरी देऊ केली होती, पण हे सर्टिफिकेट मिळालं तरच.

परीक्षेसाठी पेशंट म्हणून झोपायला माणूस आपणच न्यायचा. ठरलेली मैत्रीण आदल्या दिवशी तापाने आडवी झाली, म्हणून मी गेलो.

"काही करायचं नाही, पडून राहायचं," बायको म्हणाली. "आणि विचारलं तर खरं सांगायचं."

हे मला बजावायची गरज नव्हती.

शर्ट काढून मी उताणा झोपलो. परीक्षक म्हणजे तिला दोन वर्षं शिकवणारे शिक्षकच, साठीचे गृहस्थ, माझ्या डोक्याशी उभे होते. तिने माझं डोकं तळहातांवर घेतलं, सावकाश उजवीकडे वळवलं आणि जर्मनमध्ये विचारलं, काय वाटतंय? थोडं गरगरतंय, मी म्हणालो. तिने डोकं लगेच सरळ केलं.

"वाइटर," परीक्षक म्हणाले. पुढे चालू ठेवा. "मान शेवटपर्यंत वळवा आणि ताण द्या."

"नाइन," ती म्हणाली. म्हणजे चक्क नाही.

मी चुकीचं ऐकलं असं मला वाटलं. ही बाई माझ्या आईने दुसऱ्यांदा वाढलेला भातसुद्धा नको म्हणत नाही.

"मी हे किती वर्षं शिकवतोय, तुम्हाला माहीत आहे," ते शांतपणे म्हणाले. "कृपया, वाइटर."

"अगं, कर ना," मी खालून मराठीत म्हणालो. "सर सांगतायत तर. मला काही होत नाही."

"तुम्ही मध्ये बोलू नका. आत्ता तुम्ही पेशंट आहात." मग ती त्यांच्याकडे वळली. "मेंदूकडचं रक्त अडत असेल तर? कारण कळेपर्यंत मी ही मान वळवणार नाही. आधी डॉक्टर."

शर्टाची बटणं लावताना मी हिशेब मांडत होतो. या एका प्रश्नाचे फार तर दहा गुण जातील. उद्धटपणाचे किती जातील, ते काही कळेना.

अर्ध्या तासाने परीक्षकांनी आत बोलावून तिचा हात हातात घेतला. पास. मला राहवलं नाही. तुम्ही सांगितलंत तसं तिने केलं असतं तर किती गुण गेले असते, मी विचारलं.

"नापास."

"बाकी सगळं बरोबर असूनही?"

"बाकीचं मग आम्ही मोजत नाही. शिक्षकाने सांगितलं म्हणून पेशंटला धोक्यात घालेल, असा माणूस आम्ही बाहेर पाठवत नाही. हे प्रत्येकाला कुठे ना कुठे विचारतोच. आणि तिने वळवायला घेतलीच असती, तर थांबवायला माझा हात तिच्या हाताला लागूनच होता."

तो हात मला दिसलाच नव्हता. पहिलीपासून इंजिनिअरिंगपर्यंत मी सर सांगतील तसं करून गुण मिळवले होते. इथे त्याच गोष्टीला शून्य होतं, आणि मध्ये माझी मान होती.

गाडीपाशी आल्यावर ती हसत म्हणाली, "तुम्हाला त्यांनी कधी सांगून ठेवलं?"

"काय?"

"गरगरतंय म्हणायचं ते."

"कोणी नाही सांगितलं. गरगरत होतं. तू विचारलंस, मी सांगितलं."

तिचा चेहरा पांढरा पडला. "अहो, मला वाटलं तो प्रश्नाचाच भाग आहे." तिने तळवा पुढे केला. "किल्ली द्या."

"तुझं लायसन्स इथे चालत नाही."

"म्हणून गाडी इथेच राहील. लोकल ट्रेनने जाऊ. उद्या सकाळी पहिल्यांदा डॉक्टर."

पार्किंगची मुदत सहाला संपत होती. तरी मी किल्ली तिच्या तळव्यावर ठेवली. ती माझा दंड धरून स्टेशनकडे निघाली, आणि पायऱ्या उतरतानाही तिने तो सोडला नाही.