इंग्रजीतला पंधरावा अध्याय

ठाकुर्लीत देवाचं ऐकणारे पुष्कळ असतील, पण देवाचं इंग्रजीतून ऐकणारे एकच, आणि ते म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. आम्ही त्यांना काका म्हणतो. त्यांच्या वयाचे इतर गृहस्थ सकाळी आंघोळ झाली की पंचा नेसून देवापुढे बसतात. काका इस्त्रीचा शर्ट, पँट, पट्टा असा सगळा जामानिमा करून, मनगटावर घड्याळ बांधून टेबल-खुर्चीवर बसतात आणि गीतेचं इंग्रजी भाषांतर मोठ्याने वाचतात. बनियनवर वाचलं तर गीता आणि इंग्रजी या दोघांचाही अपमान होईल, असं त्यांना वाटतं. पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर हळद-कुंकू आणि आतल्या समासात लाल पेन्सिलीने लिहिलेलं 'नोटेड'. आयुष्यभर कारखान्यात यंत्रांची देखभाल केली, नोंदवहीत हाच शेरा मारला, त्याची ही खूण. कर्मयोगाच्या अध्यायाखाली तर त्यांनी तारीख घालून सही केलेली आहे.

इंग्रजीच का, असं मी एकदा विचारलं. "अरे, यंत्र कसं चालवायचं ते आमच्याकडे इंग्रजीत लिहिलेलं असायचं," ते म्हणाले. "मराठीत फक्त 'येथे थुंकू नये'. मग आयुष्य कसं चालवायचं ते कुठल्या भाषेत वाचू?" मला हे पटलं. पण आतून मावशी शांतपणे म्हणाली, "भात गार व्हायचा, ते सांगा ना त्याला."

मग तिच्याकडून सगळं कळलं. काकांच्या कोकणातल्या घरी पंगत बसली की जेवणाआधी पंधरावा अध्याय म्हणायची रीत होती. काका लहानपणी बोलताना अडखळायचे. एक शब्द चुकला की वडील त्यांना पहिल्या श्लोकापासून म्हणायला लावत. पानातला भात गार होई आणि सगळी पंगत त्यांच्याकडे बघत बसे. दहाव्या वर्षी त्यांनी संस्कृतला कोपरापासून हात जोडले. पुढे इंग्रजी पुस्तक हाती लागलं, आणि त्यात चूक काढणारं घरात कोणी नव्हतं. जेवणाआधी मावशी पंधरावा पाठ म्हणते, तेव्हा काका नुसते हात जोडून गप्प असतात. आणि सकाळी काकांचं वाचन सुरू झालं की मावशी कुकर लावते, मिक्सर फिरवते, त्यामुळे ती काही ऐकत नसणार असाच आम्हा सगळ्यांचा समज होता.

गेल्या वर्षी मावशीच्या हृदयाची झडप बदलायचं ठरलं. ऑपरेशनच्या सकाळी ठाण्याच्या इस्पितळात मी आणि काका तिच्या खाटेशी उभे होतो. काका पट्टा-घड्याळासकट, काखेत पुस्तक. ती परत येते की नाही, ही भीती आम्हा दोघांनाही होती. मावशीने डोळे मिटून पंधरावा सुरू केला. पहिल्या श्लोकातल्या उलट्या झाडापासून सगळं नीट चाललं आणि पोटातल्या अग्नीच्या, अन्न पचवण्याच्या श्लोकाशी ती अडली. रोज भरल्या ताटासमोर म्हटलेला श्लोक, पण त्या दिवशी उपाशीपोटी तो काही केल्या येईना. तीनदा मागे जाऊन आली, तीनदा तिथेच थांबली. आत न्यायला आलेली सिस्टर दारात उभी होती. "अर्धा टाकून मी आत जाणार नाही," मावशी म्हणाली आणि रडायला लागली. मी फोनवर श्लोक शोधायला लागलो.

तेवढ्यात काकांनी पुस्तक उघडून तेच वाक्य इंग्रजीत वाचलं, रोजच्या ठेक्यात, 'फायर'वर जोर देत. मावशीचा चेहरा सैल झाला आणि श्लोक तोंडात आला. पुन्हा अडली तेव्हा काकांनी पुढचं इंग्रजी दिलं, तिने पुढचं संस्कृत म्हटलं. असा दोघांनी मिळून अध्याय पुरा केला. सिस्टर बिचारी तोवर थांबून राहिली.

"तुला इंग्रजी कळतं?" काकांनी विचारलं.

"इंग्रजी नाही कळत. तुमचं कळतं."

दुपारी डॉक्टरांनी बाहेर येऊन सगळं व्यवस्थित झाल्याचं सांगितलं. मला एकदम मोकळं वाटलं, आणि भूकही लागली. काकांनी पट्टा एक भोक सैल केला, बाकावर बसले आणि खिशातून लाल पेन्सिल काढून त्या श्लोकापुढे 'नोटेड' लिहिलं.

परवा त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. मावशी आता ठणठणीत आहे, अध्याय घडाघडा म्हणते. पण अग्नीच्या श्लोकाशी आली आणि थांबली. मला वाटतं, मुद्दामच. काकांचं पुस्तक आत टेबलावर राहिलं होतं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा ताटाकडे, आणि चक्क संस्कृतात सुरुवात केली. पहिल्याच शब्दाला अडखळले, मग तिसऱ्याला. मावशी हात जोडून बसून होती. पहिल्यापासून म्हणा, असं त्यांना कोणी म्हटलं नाही. श्लोक संपला तेव्हा भात पार गार झाला होता, आणि आम्ही तिघं तो पोटभर जेवलो.