वसतिगृह नांदेडला नेलं तेव्हा

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि पावसानं लागोपाठ पाठ फिरवली होती. लातुरातल्या मुलींच्या एका वसतिगृहाची मी अधीक्षिका होते. संस्थेचे अध्यक्ष आडत व्यापारी, कपाळाला भस्म, सगळे त्यांना अण्णा म्हणत. नव्या जिल्ह्याचा त्यांना इतका अभिमान, की जणू तो त्यांच्याच काट्यावर तोलून दिला होता.

त्या हिवाळ्यात संस्थांच्या नियोजनाचं एक शिबिर होतं. तिथं दिवसभर बसायला कुणी तयार नव्हतं, म्हणून मला पाठवलं. ध्येय, उद्दिष्ट, धोरण हे शब्द मी झेंडावंदनाच्या प्रत्येक भाषणात ऐकले होते आणि तिन्हींचा अर्थ एकच समजत होते. शिकवणाऱ्यानं विचारलं, तुमच्या संस्थेचं ध्येय काय? मी तोऱ्यात म्हणाले, वसतिगृह चालवणं. तो म्हणाला, ते तर तुम्ही करताच, पण कशासाठी करता? मला त्याचा असा राग आला की परतताना एसटीत मी शेजारणीशी एक शब्द बोलले नाही. प्रश्न मात्र डोक्यातून जाईना.

पुढं आमचा आड आटला. टँकर आला तर आला. वसतिगृह बंद करून मुलींना घरी धाडायचं, असं बैठकीत जवळजवळ ठरलंच. दहावीच्या मुलींची शाळेतली शिकवणी संपली होती, परीक्षा तोंडावर होती. घरी गेलेली पोर एक तर रोजगार हमीवर खडी फोडणार, नाहीतर बोहल्यावर चढणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. एकीच्या वडिलांनी तर स्थळही पाहून ठेवलं होतं.

मग मी तोंड उघडलं. वसतिगृह हे आपलं साधन आहे, म्हणाले, ध्येय नव्हे. ध्येय म्हणजे पोरी दहावी होणं. इथं पाणी नसेल तर पाणी आहे तिथं जायचं, हे झालं धोरण. माझं माहेर बिलोलीचं, नांदेडात आमची माणसं होती. तिथल्या बुद्धविहाराचं सभागृह परीक्षेपर्यंत द्यायला ती तयार होती.

अण्णा लालबुंद झाले. "नव्या जिल्ह्याची संस्था नांदेडाला पाणी मागाय जाणार? नाक ऱ्हाईल का आपलं?"

"अण्णा, नाक राखणं हे आपलं ध्येय असेल तर तसा ठराव करा. मी आजच राजीनामा देते."

अण्णांनी ठरावाची वही मिटली. मग खाली बघत म्हणाले, पोरींना घेऊन जा, ज्वारी मी धाडतो.

नांदेडात मुली पोटभर आंघोळी करून अभ्यासाला बसायच्या. मी रागवायचे, पुन्हा शिकवायचे. परीक्षेला त्यांना परत आणलं, तेवढे दिवस टँकरवर भागवलं. सगळ्या पास झाल्या, स्थळ पाहिलेली पोरसुद्धा. अण्णांनी अख्ख्या बाजारात पेढे वाटले. त्यात नांदेडचं नाव कुठं आलं नाही, आणि मीही काढलं नाही.

पुढच्या बैठकीला मी ताठ मानेनं सांगितलं, आपलं ध्येय पूर्ण झालं.

अण्णांनी मान हलवली. "न्हाई बाई. दहावी हे उद्दिष्ट व्हतं, वाटंतला टप्पा. पोरी आपल्या पायावर हुभ्या ऱ्हाणं, ते ध्येय. ह्या पोरी आता अकरावीला जातील. त्यांच्यासाठी खोल्या बांधाय घ्या."

आयुष्यभर वादात मी फारशी कुणाला हार गेले नाही. त्या दिवशी अण्णांपुढं हरले, आणि इतका अभिमान मला जिंकूनही कधी वाटला नव्हता.