पुजलेल्या संगणकातली कायदेशीर गाणी

आमच्या घरात चोरीचं एकही गाणं नाही. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकवलंय, की सात रस्त्याजवळचा आमचा चहावाला मी तोंड उघडायच्या आधीच मान हलवतो. (चहा मात्र उशिराच देतो!) मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो. मुलांना 'कायदा पाळा' सांगायचं आणि घरी येऊन फुकटची गाणी ऐकायची, हे माझ्याच्यानं होत नाही. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, आवडती नाट्यपदं मी एकेक शोधून, इंटरनेटवरून रीतसर विकत घेऊन जुन्या संगणकात जमवली. अण्णांना आता फारसं दिसत नाही. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात उभा जन्म काढलेल्या माणसाला दिवसभर नुसतं बसून राहायचं म्हणजे शिक्षाच. पण ती पदं लागली, की ते मांडीवर ताल धरतात आणि मला लई बरं वाटतं.

तर अण्णांचा ऐंशीवा वाढदिवस आला. आमच्याकडं वाढदिवस तिथीनं करतात आणि अण्णांची तिथी नेमकी खंडेनवमी. वर्कशॉपातले त्यांचे दोस्त खास कुर्डुवाडीहून येणार होते. अण्णांनी त्यांना फोनवर बजावून ठेवलेलं, "माझ्या पोरानं सगळी पदं जमवल्यात. या ऐकायला!" आणि ऐन वेळी जुना संगणक कण्हायला लागला. मी धावत जाऊन नवा लॅपटॉप आणला.

"दाजी, पेनड्राइव्ह हाय की माझ्याकडं!" होटगीहून आलेला माझा मेहुणा बाळू म्हणाला. "समदी नाट्यपदं हायत त्यात. खोचायचं आन् ऐकायचं."

"कुठून आणलीस?"

"दोस्ताकडनं."

"आणि दोस्तानं कुठून आणली?"

"दाजी, नदीचं मूळ, ऋषीचं कूळ आन् दोस्ताचं गाणं, ह्यात खोल शिरू न्हाय!"

मी त्याला कायदेशीर स्थलांतराचा अख्खा धडा शिकवला. गाणी विकणाऱ्या कंपनीचा नियम असा, की आधी जुन्या संगणकातलं आपलं खातं बंद करायचं, मग नव्यात उघडायचं. गाणी फक्त खातं उघडं असेल त्याच संगणकात वाजणार, मोबाईलवर नाही. बाळूला मध्येच जांभई आली. खंडेनवमीच्या सकाळी मी जुन्यातलं खातं बंद केलं. नव्यात उघडणार, एवढ्यात आईची हाक आली, "पूजेला आण रं ते डबडं!"

खंडेनवमीला हत्यारं पुजायची. अण्णांचे पाने-हातोडे, आईची विळी, बायकोची शिलाई मशीन आणि घरातला संगणक. संगणक पूजेत मांडायची प्रथा आमच्या घरात मीच पाडलेली! (शाळेत भाषणही ठोकलं होतं, 'संगणक हेच आजचं शस्त्र!' टाळ्या पडल्या होत्या.) यंदा संगणक दोन. आईनं दोघांना झेंडूच्या माळा घातल्या आणि नवा म्हणून लॅपटॉपवर जरा सढळ हातानं कुंकू वाहिलं. स्पीकरच्या जाळीतनं चिमूटभर आत गेलं. पूजा उरकताच मी पुढं सरसावलो.

"हात लावू नगंस!" आई ओरडली. "पुजलेलं हत्यार दसऱ्यापतूर उचलत न्हाईत."

"आई, एक बटण दाबायचंय फक्त!"

"ह्यांनी कधी पुजलेला पाना उचललाय का?"

"अगं, संगणक काय हत्यार आहे का?"

"मग भाषण कुणी ठोकलं?"

बायको हसू दाबत स्वयंपाकघरात पळाली. माझी गाणी इकडून कार्यमुक्त झाली होती आणि तिकडं रुजू झाली नव्हती. बदली झालेल्या मास्तरासारखी मधल्या मधे लटकली!

"मग बाळूनं मोबाईल कसा उचलला? तोपण पूजेत होता!" मी तक्रार केली.

"दाजी, मोबाईल हत्यार न्हाय, अवयव हाय," बाळू म्हणाला. आणि हा निकाल आईला पटला!

संध्याकाळी दोस्तमंडळी जमली. बायको कानाशी कुजबुजली, "अहो, मोबाईलवर लावा की. फुकट वाजतात." नाइलाजानं लावलं. अण्णांनी डोळे मिटले, ताल धरला. पहिलं पद संपतं न संपतं तोच जाहिरात लागली आणि एक बाई किंचाळल्या, "खाज, खरूज, नायटा!"

"हे कुठल्या अंकातलं रं?" अण्णांनी विचारलं.

दोस्त खो-खो हसले. अण्णांचा चेहरा मात्र एवढासा झाला. "ऱ्हाऊ दे बाळा. ह्यांची परतीची गाडी हाय," ते म्हणाले. मी हात जोडून आईकडं पाहिलं.

"बाळूचं ते पेन कुटं पुजलंय?" आई माझ्या कानाशी म्हणाली. "लावा की ते!"

म्हणजे विकत घेतलेली गाणी वर्ज्य आणि ढापलेली सोवळी! बाळूनं पेनड्राइव्ह टीव्हीला खोचला आणि घर दणाणलं. अण्णांचा हात मांडीवर पडायला लागला, दोस्त माना डोलवायला लागले. शेवटी अण्णा दोस्तांना म्हणाले, "माझ्या पोरानं एकेक गाणं विकत घेतलंय. चोरीचं एक न्हाय!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाळूनं सगळ्यांत जोरात. खरं सांगायला म्हणून मी उठलो. अगदी शपथेवर सांगतो, उठलो होतो! पण सगळे माझ्याकडं इतक्या कौतुकानं बघत होते, की मी नमस्कार करून खाली बसलो.

दसऱ्याला पूजा झाली. नव्यात खातं उघडलं, गाणी रुजू झाली. मी छाती फुगवून पहिलं पद लावलं. स्पीकरमधल्या कुंकवानं आपलं काम चोख केलं होतं. गायक जन्मभर पडशानं बेजार असावा, असा आवाज निघाला. अण्णांनी अख्खं पद ऐकून घेतलं.

"फुकटचं दिसतंय कुणाचं तरी," ते म्हणाले. "काल लावलेली लाव की, तुझी विकतची. कशी खणखणीत होती!"

मी अंगणात जाऊन होटगीला फोन लावला. "बाळू, तो पेनड्राइव्ह जरा पाठव की."

"दाजी, कायद्यात बसतंय का पण?"

"तू पाठव रे. मी बसवतो!"