फणी आणि डबल बेल

"डबल बेल झाली का?"

कुणीही निघायला उठलं की नानांचा हा प्रश्न ठरलेला. गॅसवाला रिकामी टाकी घेऊन फाटकाबाहेर पडत असो, की चहा पिऊन झालेले पाहुणे चपला शोधत असोत, नाना ओट्यावरून उजवा हात वर करायचे, डोक्यावरची नसलेली दोरी दोनदा ओढायचे आणि तोंडानं म्हणायचे, "टिंग टिंग." मग माणसानं हलायचं. सगळी नोकरी जळगाव-धुळे रस्त्यावर एसटी चालवण्यात गेलेली. निवृत्त झाले तरी मागे कंडक्टर उभा आहे, अशी त्यांची समजूत असावी.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मिशा भरघोस, आवाज खर्जातला, आणि अंगणात आलेला चेंडू परत मागायला पोरांत चिठ्ठ्या टाकाव्या लागतात. मी त्यांची शेजारीण. दिवसभर शिलाई मशीनवर ब्लाउज शिवत बसणारी. भिंतीपलीकडच्या खोकल्यावरून नाना उठले की झोपले ते मला कळायचं, पण त्यांच्याशी चार शब्द बोलायचे तर पदर खोचून तयारी करावी लागायची. ती अडचण दूर केली एका कुत्रीनं.

नानांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. त्या गेल्या, त्यानंतरच्या हिवाळ्यात गल्लीतली कुत्री नानांच्या जिन्याखाली व्याली. रंगानं एसटीसारखी लाल, म्हणून तिचं नाव नानांनीच लालपरी ठेवलेलं. पिल्लं गोजिरवाणी होती, पण एकेकाच्या अंगावर पिसवांची जत्रा. सारखी खाजवायची, रात्रंदिवस कुंई कुंई करायची. मग काय, सल्ले द्यायला अख्खी कॉलनी हजर. कुणी म्हणालं डांबरगोळी वाटून लावा, कुणी ढेकणांची पावडर सुचवली, आणि एकानं तर कपाशीवरचं उरलेलं औषध डब्यातून आणून दिलं. नाना स्वतः रॉकेलमध्ये बोळा बुडवून बसले होते. नशीब एवढंच, की त्यांच्या मांडीवरचं पिल्लू मान टाकायला लागलं होतं आणि ते मला दाखवायला त्यांनी हाक मारली. त्याच्या हिरड्या पाहिल्या तर पांढऱ्याफटक, पिसवांनी अंगात रक्तच ठेवलं नव्हतं. आम्ही दोघं रिक्षा करून जनावरांच्या दवाखान्यात गेलो.

डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी. तिनं रॉकेलचा वास घेतला आणि नानांकडे असं पाहिलं, की मीच दोन पावलं मागं सरकले.

"नाना, हे काय गाडीचं इंजिन आहे, रॉकेलनं पुसायला?"

आयुष्यात नानांना कुणी झापलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तिनं सांगितलं, एवढ्या लहान जिवाला पावडर नको, फवारा नको, मोठ्या कुत्र्याचं औषध तर मुळीच नको, त्याच्या अंगाला ते झेपत नाही. बारीक दातांची फणी घ्यायची, अंगावरून फिरवायची, आणि सापडलेली पिसू साबणाच्या पाण्यात बुडवायची. आंघोळ घालायचीच तर दुपारच्या उन्हात, कोमट पाण्यानं, आणि साबणाचा फेस आधी मानेभोवती करायचा, म्हणजे पिसवा डोळ्यांकडे पळत नाहीत. मग लगेच कोरडं करायचं. अंथरूण उकळत्या पाण्यातून काढायचं. आईला काय द्यायचं ते ती देईल. पिल्लं दोन महिन्यांची झाली, की वजन करून त्यांचं औषधही तीच देईल.

नाना घरी आले, आत गेले आणि काकूंची फणी घेऊन बाहेर आले.

ती फणी मी ओळखत होते. काळ्या लाकडाची, दोन्हीकडून दातांची, अमळनेरच्या बाजारातून काकूंनी लग्नाच्या नवलाईत घेतलेली. काकूंचे केस गुडघ्यापर्यंत होते. शेवटच्या आजारात त्यांना हात वर करता येईना, तेव्हा नाना रोज सकाळी ओट्यावर बसून त्यांचे केस विंचरायचे. स्टिअरिंग धरून घट्टे पडलेले ते हात, आणि इतके हलके चालायचे, की काकूंना बसल्या बसल्या डुलकी लागायची. मग औषधांनी केस गेले. फणी देवळीत पडून राहिली. ती नानांनी कुत्रीच्या पिल्लांसाठी काढली, तेव्हा मला आत कुठेतरी तुटल्यासारखं झालं, आणि त्याच वेळी बरंही वाटलं.

तेव्हापासून रोज तोच देखावा. मांडीवर पिल्लू, शेजारी साबणाच्या पाण्याची वाटी, हातात फणी. नानांना जवळचं दिसत नव्हतं, म्हणून तपासणीचं काम माझ्याकडे आलं.

"चिंधी दे वं ताई."

मी पांढऱ्या अस्तराची चिंधी ओली करून द्यायची. नाना ती पिल्लाच्या पाठीवरून, शेपटीच्या मुळाशी फिरवायचे आणि मला दाखवायचे. काळे कण लागले आणि त्यांभोवती तांबूस डाग उतरला, म्हणजे पिसवा अजून आहेत, कारण ते कण म्हणजे त्यांनी प्यायलेलं रक्तच. चिंधी कोरी निघाली, की मी हात वर करून दोरी ओढायची. टिंग टिंग. माझ्या डबल बेलशिवाय एकही पिल्लू नानांच्या ओट्यावरून नव्या घरी गेलं नाही. दोन महिने पुरे व्हायच्या आत कुणी मागायला आलं, तर नाना त्याला बाहेरच्या बाहेर वाटेला लावायचे. आणि न्यायला आलेला माणूस औषध फवारायचं म्हणाला, तर त्याची धडगत नसायची.

"हाई लेकरू शे, फवाराले कपाशी नही!"

मान टाकलेलं ते पिल्लूही वाचलं. पुढे इतकं द्वाड झालं, की माझ्या दोन चपला गेल्या.

पहिल्या वेतातलं एक पिल्लू असोद्याला गेलं. तिथले एक आबा केळीची गाडी घेऊन जळगावात यायचे. त्यांचा मुलगा दीपनगरला वीज केंद्रात कामाला, आठवड्यातून एकदा घरी यायचा. सुनेला एकटं वाटतं म्हणून पिल्लू हवं होतं. सून स्वतः आली होती. तिनं पिल्लू पदरात असं घेतलं, की नानांनी सूचनांची निम्मी यादी गिळली. चिंधी कोरी होती. डबल बेल झाली.

पंधरवड्यानं आबा आणि ती सून मोटारसायकलवरून आले. टोपलीत पिल्लू थरथरत होतं, तोंडातून लाळ गळत होती. गोठ्यातल्या पिसवा त्याला चिकटल्या होत्या, आणि आबांनी बैलांना लावायचं गोचिडांचं औषध त्याच्या अंगभर चोळलं होतं.

"बैलाले तं आमी हेच लावतो," आबा पुन्हा पुन्हा सांगत होते. "आपल्या बैलाले लावतो तेच लावलं."

नानांनी कोमट पाण्यानं साबण लावून औषध धुऊन काढलं. काकूंच्या शालीत पिल्लू गुंडाळलं. आम्ही दवाखान्यात गेलो. त्या डॉक्टर मुलीनं जेवढं करायचं तेवढं केलं. संध्याकाळी पिल्लू गेलं. आबा दवाखान्याच्या पायरीवर टोपी हातात घेऊन बसून होते, आणि सून भिंतीकडे तोंड करून रडत होती. मला वाटलं, आता नाना फुटणार. पण त्यांनी घरी येऊन दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी ओटा रिकामाच राहिला.

कॉलनीनं निकाल देऊन टाकला, की त्या घरात पुन्हा पिल्लू द्यायचं नाही. खरं सांगते, माझंही मत तेच होतं.

लालपरी पुन्हा व्याली, तेव्हा असोद्याची सून एकटीच बसनं आली. पिल्लू मागितलं नाही. ओट्याच्या खालच्या पायरीवर बसून राहिली. नाना मांडीवरचं पिल्लू विंचरत राहिले. मग वाटी पुढं सरकवली.

"बठ. फणी धर."

त्यानंतर बाजाराच्या दिवशी ती यायची. भाजी घ्यायच्या आधी पिल्लं विंचरायची. सुरुवातीला तिचा हात जड होता. नाना तिचं मनगट धरून सांगायचे, "घाई शे का काही? घाट शे हाऊ. आस्ते ली." मशीन थांबवून मी खिडकीतून पाहत बसायचे. काकूंच्या केसांतून चालायची तशीच फणी चालायला लागली होती.

पिल्लं मोठी झाली, दवाखान्यात वजनं झाली, औषध मिळालं. एक लाल रंगाची पिल्ली नानांनी कुणालाच दिली नव्हती. एके दिवशी सून आली, तेव्हा मागून आबाही आले होते. फाटकातच थबकले.

"माह्या हातानं गेलं ते," आबा म्हणाले. "मी आत यिऊ का नको, तेच कये ना."

नानांनी हात धरून त्यांना आणलं आणि ओट्यावर शेजारी बसवलं.

"मीबी रॉकेलना बोळा लिसन बठेल व्हतू, आबा. माले डाक्टरनी सांगं म्हनीसन समजनं. तुमले कोनी सांगंच नही."

मग त्यांनी लाल पिल्ली सुनेच्या मांडीवर ठेवली, आणि पिल्लीवर काकूंची फणी. मी दारातून ओरडलेच, "नाना, फणी?"

"मनापाशी काय काम शे आते फनीनं? पिसवा तठे गोठामां शेतस."

त्या दिवशी डबल बेल मी दिली, पण हात वर करताना माझे डोळे भरले होते. आबांची मोटारसायकल निघाली. नाना ती वळेपर्यंत पाहत राहिले आणि मग रिकामी वाटी धुवायला आत गेले.

पुढे नाना थकले. मुलाकडे पुण्याला जा म्हटलं, तर म्हणायचे, तिकडे कंडक्टर कोण? एका पहाटे भिंतीपलीकडचा खोकला ऐकू आला नाही. ओट्यावर माणसं जमली, सगळं झालं, मुलगा घराला कुलूप लावून गेला. लालपरी कितीतरी दिवस जिन्याखालीच बसून असायची. आता ती माझ्या मशीनखाली झोपते.

मध्यंतरी असोद्याहून सुनेचा फोन आला, पिल्ली व्याली आहे, पिल्लं द्यायला झालीत, तुम्ही या. मी अस्तराच्या चिंध्या पिशवीत घातल्या आणि गेले.

गोठ्यापुढच्या उन्हात ती बसली होती. मांडीवर पिल्लू, शेजारी साबणाच्या पाण्याची वाटी, हातात ती काळी फणी. पिल्लू न्यायला आलेला माणूस मोटारसायकलवर बसूनच घाई करत होता. शेतात माणसं लावलीत म्हणे, उशीर होतोय.

"डबल बेल व्हऊ द्या," सून मान वर न करता म्हणाली.

मी चिंधी ओली करून दिली. तिनं ती पिल्लाच्या पाठीवरून फिरवली आणि बाजेवर बसलेल्या आबांपुढं धरली. आबांनी चिंधी उन्हात नेली. एक बाजू पाहिली, उलटी करून दुसरी पाहिली. इतका वेळ पाहिली, की मोटारसायकलवाल्यानं गाडी बंद केली.

चिंधी कोरी होती. आबांनी हात वर केला आणि डोक्यावरची नसलेली दोरी दोनदा ओढली.